ओल्या फडक्याखाली

१८ जून

ही डायरी जानेवारीपासून कोरी आहे. कल्याणने दिवाळीच्या सुट्टीत आणली होती, कँटीनची, जाड पुठ्ठ्याची. आधी त्याचे वडील पलटणीतून आणायचे, मग तो भरती झाल्यावर तो आणू लागला. पुढच्या वर्षी कोण आणील, असा विचार कपाट आवरताना आला आणि तसाच गेला. आणलेली वस्तू वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून लिहिते.

आज गावचे पुढारी अण्णासाहेब आणि त्यांची माणसं आली होती. कल्याणचा पुतळा बसवायचं नक्की झालंय. हसनाबादच्या स्टँडसमोरचा चौक, पंधरा ऑगस्टचा दिवस. अण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, कल्याण आता तुमच्या एकटीचा न्हाई राह्यला. गावाचा झाला." मी बरं म्हणाले. अण्णासाहेबांचं नाक डावीकडे कललेलं आहे, लहानपणी मोडून तसंच बसलं असावं. ते बोलत होते तोवर मी नाकाकडेच बघत होते. मातीत असतं तर अंगठ्यानं सरळ केलं असतं.

सगळ्यांना चहा केला. साखर घालायची राहिली. सगळे तसाच प्यायले. जाताना दारात कोणीतरी म्हणालं, "काय काळीज हाय माउलीचं, डोळ्यात टिपूस न्हाई." काळजाचं मला माहीत नाही. जानेवारीत डोंगरातल्या रस्त्यावर कल्याणची गाडी दरीत गेली, पेटी आली, बिगुल वाजला, मी सगळं बघितलं. तेव्हापासून हातपाय चालतात, स्वयंपाक होतो, झोपही लागते. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं आहे. गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही.

२१ जून

शेजारची मीना आली होती. तिच्याकडच्या धाकट्या महालक्ष्मीच्या मुखवट्याला तडा गेलाय. मुखवटे मीच केलेले. "काकू, महालक्ष्म्यांना येळ हाय अजून, पन आत्ताच सांगून ठेवते." मी म्हटलं, यंदा नाही, वर्ष व्हायचंय. खरं तर वर्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सण आपल्या घरात करायचा नसतो, दुसऱ्याच्या मुखवट्याला हात लावला तर काही बिघडत नाही. हे मला माहीत आहे आणि मीनालाही माहीत आहे.

लग्न होऊन ह्यांच्याबरोबर झाशीला गेले, तेव्हापासून माझे हात मातीत आहेत. हे महिनोन्महिने बाहेर असायचे. क्वार्टरमधल्या बायका स्वेटर विणायच्या, मला त्या सुयांचा वैताग यायचा. म्हणून अंगणातली माती उकरून गणपती केला. सुभेदार मेजरच्या बायकोनं तो बघितला आणि पुढच्या वर्षी पलटणीच्या मंदिरातला गणपती माझ्या हातचा बसला. त्या बाईंना दैवशाला हे माझं नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, पण माझ्या गणपतीची सोंड त्या सगळ्यांना दाखवायच्या. मग जिथं बदली, तिथली माती. झाशीची पिवळी, खरखरीत. पठाणकोटला नुसते गोटे, तिथं कणकेचा गणपती केला आणि विसर्जनाआधी उंदरांनी त्याचा एक कान खाल्ला. तेजपूरची नदीकाठची माती लोण्यासारखी. तिथं एका जवानाच्या बायकोला नाताळचा बाळ येशू करून दिला, तो आपल्या बारशातल्या बाळासारखा झाला, जावळासकट. कल्याण तेजपूरलाच झाला. पोटात होता तेव्हा मी ती माती चोरून खायची. ह्यांना अजून माहीत नाही.

आपली इथली काळी माती हट्टी, वाळली की फुटते. तिच्यात कापूस मळावा लागतो. मागच्या अंगणात टाकीजवळ माझं मातीचं घमेलं आहे. जानेवारीपासून उघडंच पडलंय, आज पाहिलं तर भेगा. फेकून द्यायला हवी.

कल्याणची बायको तृप्ती आणि त्यांची मुलगी पायल फेब्रुवारीत क्वार्टर सोडून इकडे राहायला आल्या. पायल आता चार वर्षांची होईल. तिची वेणी, अंघोळ, सगळं तृप्तीच बघते. पोर माझ्याकडे येत नाही आणि मी बोलावत नाही. शांत आहे तशी.

२६ जून

पुतळा बघायला जालन्याला जाऊन आलो. हे, मी आणि अण्णासाहेब, त्यांच्याच गाडीतून. तृप्ती आली नाही, पायलला ताप होता.

मूर्तिकाराचं नाव सोमेश्वर. तरुण आहे, चेहरा छान घडलेला, फक्त हनुवटी कमी पडली. पत्र्याच्या शेडमध्ये पुढारी ओळीनं उभे, कुणाला अजून डोकं नाही, कुणी नुसताच कोट. कल्याणचा पुतळा आधी मातीत केलाय. त्याच्यावरून साचा काढायचा आणि साच्यात फायबर ओतून वरून तांब्याचा रंग द्यायचा, असं काम असतं म्हणे. सोमेश्वरनं ओली फडकी काढली. आत जवान. छाती पुढे, हातात बंदूक, भरघोस मिशी.

अण्णासाहेब म्हणाले, "एक नंबर!" ह्यांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट केला. सोमेश्वर माझ्याकडे वळला, "आई, तुम्ही सांगा. बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

सगळे बघत होते म्हणून म्हटलं असं नाही. मी बघितलं आणि आत काही हललं नाही, म्हणजे बरोबरच असेल. माती मात्र उत्तम होती. बुटापाशी बोट दाबून बघितलं, ठसा स्वच्छ उठला.

२७ जून

अण्णासाहेबांनी काढलेला पुतळ्याचा फोटो ह्यांच्या मोबाईलवर आला. तृप्ती पोळ्या लाटत होती, तिला दाखवला.

ती म्हणाली, "हे कोन हाय?"

मी म्हटलं, अगं, कल्याण.

"ह्यांना मिशी कुठं व्हती?"

मी म्हटलं, चौकातल्या फ्लेक्सवर आहे की.

तिनं लाटणं खाली ठेवलं. "आई, फ्लेक्सवाल्यानं लावली ती. अंत्ययात्रेच्या दिशी अण्णासाहेबांनी सांगून लावून घेतली, जवान वाटला पायजे म्हनून. दुसऱ्याच कुनाच्या तरी अंगावर ह्यांचं तोंड चिकटवलं अन् त्याला मिशी. तुम्ही रोज त्याच्याखालून जाता येता." म्हणजे सोमेश्वरला फोटो म्हणून त्या फ्लेक्सचाच फोटो दिला असणार.

मग ती हळू म्हणाली, "पायलला ह्यांचं तोंड मोबाईलमधलंच माहीत हाय, तेबी आता इसरून राह्यली. आठ दिवस झाले, त्या फ्लेक्सकडं बोट करून पप्पा म्हनती. उद्या पुतळा बसला की झालं. जलमभर तोच तिचा बाप."

रडली नाही. परत पोळ्या लाटायला लागली, एकही वाकडी झाली नाही.

बरोबर आहे म्हणून मीच सांगून आले होते. दुपारी पडले होते तेव्हा डोळे मिटून कल्याणचं तोंड आठवायला गेले. फ्लेक्स आला. मिशीसकट.

२ जुलै

हे आणि मी अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, आठ तारखेला साचा काढायचा आहे, आता बदल केला तर पंधरा ऑगस्ट हुकेल. "आन् वहिनी, तुम्ही सवता पास केलाय. मिशी काढली तर कालिजातला पोरगा वाटंल तो. जवानाचा रुबाब पायजे का न्हाई?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पास मीच केला होता.

हे जानेवारीपासून फारसे बोलत नाहीत. एकदम म्हणाले, "मी तीस वरसं नोकरी केली, अण्णासाहेब. मला बी मिशी नव्हती. मी काय कालिजात गेल्तो का?"

"सुभेदार, तसं न्हाई..."

"माझ्या पोराला मिशी नव्हती. तर न्हाई ठिवायची. बिलकुल न्हाई."

घरी येताना मी विचारलं, मग त्या दिवशी सॅल्यूट कशाला केलात? म्हणाले, "वर्दी व्हती म्हनून केला. तोंडाकडं मी पाह्यलंच न्हाई." म्हणजे आम्ही दोघंही तिथं जाऊन न बघता परत आलो होतो.

सोमेश्वरला फोन केला. सात तारखेपर्यंत काय करायचं ते करा म्हणाला.

५ जुलै

आज हात दुखतायत म्हणून अक्षर असं येतंय.

सकाळीच शेडवर पोचलो, हे आणि मी. सोमेश्वरनं तारेच्या हत्यारानं मिशी काढली. एवढासाच वेळ लागला. खाली ओठच नव्हता, कोरी जागा. तो कल्याणचे फोटो बघून करायला बसणार होता. मी म्हटलं, जरा मला दे. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "दे. पलटनीचे गनपती तिचेच व्हते."

पुतळा उंच, म्हणून त्यानं चढायला लाकडी घोडा लावून दिला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच मातीला हात लावला. थंड लागली. फोटो मी बघितलेच नाहीत, सगळ्या फोटोंत तो ताठ आणि टोपी घातलेला. डोळे मिटून घेतले. कपाळ आपोआप आलं. जबलपूरच्या क्वार्टरच्या पायरीवरून पडला होता, त्याचा भुवईवरचा उंचवटा आला. गालाचं हाड आलं. दर शनिवारी ह्या तोंडाला मी तेल लावलेलं आहे. उजव्या कानाच्या पुढे त्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, जन्मापासून. न्हाऊ घालताना तेलाचा थेंब तिथं ठेवला की जिरायचा आणि तो मान आक्रसून हसायचा. ते काडीनं केलं.

सोमेश्वर म्हणाला, "आई, एवढ्या उंचीवर हे कोणाला दिसणार?"

मी म्हटलं, असू दे.

सगळं झाल्यावर खाली उतरून लांब गेले. सोमेश्वरनं चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग म्हणाला, "राग मानू नका. काम तुमचं सुंदर आहे. पण हा दहा वर्षांचा झाला."

खरंच झाला होता. एवढा थोरला जवान, छाती पुढे, बंदूक, आणि वर चौथी-पाचवीतला कल्याण. हे एकदम हसले, मोठ्यानं, आणि मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

परतताना बसमध्ये हिशेब लागला. अठराव्या वर्षी तो भरती झाला. त्याच्याही आधी, पाचवीनंतरच, न्हाऊ घालणं बंद झालं होतं. सुट्टीवर आला की पाया पडायचा, मी डोक्यावर हात ठेवायची. डोक्यावर, तोंडावर नाही. मोठा झाल्यावर त्याच्या तोंडाला माझा हात लागलेलाच नाही. जबडा कसा रुंद झाला, गाल कुठून बसले, हे माझ्या हातांना कोणी सांगितलंच नाही.

तृप्तीला सांगायला हवं.

७ जुलै

पायलला मीनाकडे ठेवून तृप्तीला घेऊन गेलो. आधी नाहीच म्हणत होती. "मला मातीतलं काय येतंय?" मी म्हटलं, माती नाही आली तर नाही. तो येतो ना?

शेडमध्ये पदर डोक्यावर घेऊन खांबापाशी उभी राहिली. मी घोड्यावर चढले, तिला वर बोलावलं. ती चढली, पण हात काही पुढे करेना. मी म्हटलं, इथून सांग, जबडा किती? तिची नजर सारखी ह्यांच्याकडे जात होती. सासऱ्यासमोर नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवायचा, मातीचं असलं म्हणून काय झालं. मला ते उशिरा कळलं, ह्यांना आधी कळलं.

हे उठले. "सोमेश्वर, हितं चांगला चहा कुठं मिळतो? चल, दाखव मला."

सोमेश्वर म्हणाला, "मागवतो की इथंच."

"चल म्हनतो ना. जल्दी."

दोघं गेले. तृप्तीनं डोळे मिटले आणि दोन्ही तळवे त्याच्या जबड्यावर ठेवले. नीट ठेवले, घाईनं नाही. मग तशीच डोळे मिटून बोलायला लागली.

"हितं कमी हाय. आजून भरा." मी भरलं.

"गाल हितून आत. दात येकमेकांवर धरून झोपायचे, हितं हाड लागायचं हाताला." मी आत घेतलं.

"खालचा वठ असा न्हाई, आई. रुसले की... हितून आत जायचा. हितं." तिचं बोट होतं तिथं मी अंगठा दाबला.

ओठांचं चाललं होतं तेव्हा मी फळीवरच्या पुढाऱ्यांच्या डोक्यांकडे बघत राहिले. तिच्याकडे बघणं बरं वाटेना. बोट जिथं थांबेल तिथं चाचपून दाबत गेले. ती एकदा म्हणाली, "बस," आणि हात काढून घेतला, पदराला पुसला नाही, तसाच मुठीत मिटून खाली उतरली.

चहाला इतका वेळ लागतो का? हे आले तेव्हा कागदी कपांतला चहा गार झाला होता. हे पुतळ्यासमोर येऊन थांबले. ह्या वेळी सॅल्यूट नाही केला. नुसते म्हणाले, "आलास का?"

सुट्टीवर दारात आला की असंच म्हणायचे.

मला काही वाटलं नाही. खांदे भरून आले होते, एवढंच.

९ जुलै

सोमेश्वरचा फोन. साचा छान निघाला म्हणाला. मी विचारलं, आतल्या मातीचं काय करतात? म्हणाला, साच्यातून उकरून काढायची, हौदात टाकायची, पुन्हा भिजवायची, पुढच्या पुतळ्याला तीच. पुढचं काम कुठल्याशा चेअरमनचं आहे.

मी म्हटलं, तोंडाची तेवढी माती मला पाहिजे.

तो म्हणाला, "आई, ती आता नुसती माती आहे हो."

म्हटलं, नुसती मातीच दे.

१३ जुलै

हे जालन्याला जाऊन माती घेऊन आले. सिमेंटच्या पिशवीत होती. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, काका, खाली ठेवा, धोतर भरंल. ह्यांनी ठेवली नाही. एरवी माझ्या मातीला हे कधी हात लावायचे नाहीत.

घमेलं रिकामं करून त्यात घातली, पाणी शिंपडलं, वरून ओलं फडकं टाकलं. चांगली माती आहे, वाळू देणं बरं नाही.

२४ जुलै

सकाळी आणि दुपारी फडकं भिजवते. उघडीप पडलीय, वाऱ्यानं लगेच सुकतं.

मीना मुखवट्यासाठी त्यातला एक गोळा मागत होती. नाही म्हटलं. माझी जुनी फुटलेली माती दिली, म्हटलं कापूस घालून भिजव, होईल काम. मीना घमेल्याकडे बघून म्हणाली, "येवढी माती हाय की." मी म्हटलं, ती ठेवायची आहे. कशाला, हे तिनं विचारलं नाही. बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

तृप्ती आता टाकीच्या पलीकडच्या दोरीवर धुणं वाळत घालते. घमेल्याच्या बाजूला फिरकत नाही.

६ ऑगस्ट

फडकं भिजवलं. बाकी काही नाही.

१५ ऑगस्ट

झालं अनावरण.

मांडव, शाळेची मुलं, भाषणं. आम्हाला पुढच्या खुर्च्या. अण्णासाहेबांनी चौथरा ठरल्यापेक्षा बराच उंच बांधून घेतलाय. म्हणाले, लांबून रस्त्यावरून दिसला पाहिजे. कापड ओढलं, टाळ्या पडल्या. तोंड चांगलं आलंय. तांब्याच्या रंगात जरा वय वाढल्यासारखं दिसतं, पण तोच आहे. तृप्ती मान वर करून जबड्याकडे बघत होती.

पायलला खालून नुसते बूट दिसत होते. ती बुटांकडेच बघत राहिली. "मम्मी, हे कुनाचे बूट हाय?" तृप्तीनं तिला कडेवर उचलून घेतलं. तरी इतक्या खालून काय दिसणार, हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या. तृप्ती म्हणाली, "वर बघ, पप्पा." पायलनं वर बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फ्लेक्स अजून काढलेला नाही, पुतळ्याच्या मागेच आहे. पायल त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणाली, "हा बघ पप्पा!"

शाळेची बाई कौतुकानं हसली. तृप्तीनं पोरीला खाली ठेवलं.

मला काही वाटलं नाही. घरी येऊन लुगडं बदललं, फडकं भिजवलं.

२ सप्टेंबर

आज पोळा. आपल्याकडे यंदा नाही. मीनाच्या घरून पुरणपोळ्या आल्या. हे आणि तृप्ती पेन्शनच्या कामाला जालन्याला गेले होते, तिकडे सणाची सुट्टी नसते. घरात मी आणि पायल. गल्लीतली पोरं सकाळपासून मातीचे बैल मिरवत होती. पायल दारात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "आजी, मला बैल." मी म्हटलं, यंदा नसतो. ती आत निघून गेली. मी डाळ निवडत बसले.

थोड्या वेळानं थप थप असा आवाज यायला लागला. मागे जाऊन बघते तर फडकं लांब फेकून दिलेलं, घमेल्यात दोन हातांची खळगी, आणि धुण्याच्या दगडावर ओळीनं मातीच्या भाकऱ्या.

मी ओरडले. इतकी की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "हात लावू नको तिला! कुणाला विचारून घेतलीस! ठेव! ठेव आधी!" कल्याणवरसुद्धा मी कधी अशी ओरडले नव्हते.

पायल जागच्या जागी थिजली. हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणाली, "बैल करून राह्यले व्हते. त्यो उभाच राहीना. मंग भाकर केली." आणि तिचा खालचा ओठ आत गेला. एका बाजूनं, बरोबर तिथून. तृप्तीनं बोट ठेवलं होतं आणि मी अंगठा दाबला होता, तिथून.

मी ओल्या जमिनीवर बसले. मला रडू आलं. सुईचा अंमल उतरताना गाल दुखतो तसं सगळं एकदम दुखायला लागलं, आणि मला आवाज आवरेना. कल्याण, कल्याण असं मी ओरडत होते, ते मलाच ऐकू येत होतं. माझा मुलगा गेला. जानेवारीत गेला आणि मी मातीवर पाणी शिंपडत बसले.

पायल घाबरून बघत होती. मग तिनं दगडावरची एक भाकरी उचलली, दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आणली. "आजी, रडू नको. ही घे, गरम हाय."

मी घेतली. फुंकर मारली. तिला ते पटलं.

मग ती भाकरी मी दगडावर परत ठेवली आणि तिचं बोट माझ्या हातात घेतलं. म्हटलं, इथं दाब. हे कपाळ. इथं उंचवटा, लहानपणी पडला होता. हे गाल, इथून आत. हा ओठ. तिचं बोट एवढंसं, पण दाब चांगला आहे, भीत नाही.

"हे कोन हाय?"

"तुझा पप्पा."

"मिशी?"

"मिशी नव्हती त्याला."

तिनं ओठाच्या वरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बराबर. टोचत नव्हती."

मला पुन्हा भरून आलं, पण हात चालू ठेवले. तिला कान करायला दिले. एक मोठा झाला, एक लहान. मी खराट्याची काडी घेऊन उजव्या कानापुढे भोक पाडलं.

"हे काय केलं?"

"त्याच्या कानापाशी असं भोक होतं. जन्मापासून."

तिनं भरल्या हातानं केस मागे सारले, मान वाकडी करून कान माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "मला बी हाय."

होतं. उजव्या कानापुढे, सुईच्या टोकाएवढं. सात महिने पोर ह्या घरात आहे आणि मी आज बघितलं.

पाणी तापवलं. तेलाची वाटी घेतली. पायलला आज मी न्हाऊ घातलं. डोक्यावरून, कपाळावरून, गालांवरून हात फिरवला, नीट, घाई न करता. शेवटी बोटावर थेंब घेऊन कानापुढे ठेवला. जिरला. तिनं मान आक्रसली आणि हसली.

संध्याकाळी तृप्ती आली. दगडापाशी गेली, वाकून बघितलं. मग तिनंच खाली बसून एका बाजूचा जबडा जरा भरला.

फडकं भिजवायचं आज राहिलं.